अर्धा धवला

एका लुगड्यात कृष्णकांतशेठना लग्नात गायचा धवला जन्मभरासाठी मिळणार होता. लुगडंही विकतचं नव्हतं. कुणाच्या तरी वास्तुशांतीत आलेलं, घडी न मोडता कपाटात पडून राहिलेलं. धवले गाणाऱ्या गुणाबाईंनी एकदा फोनमध्ये गायलं, की ते गाणं नेऱ्याजवळच्या शेठच्या लग्नाच्या लॉनच्या वेबसाइटवर वाजणार, मग प्रत्येक हळदीला स्पीकरवर वाजणार, आणि लग्नघराच्या बिलात ‘पारंपरिक आगरी गीत’ असा वेगळा आकार लागणार. दर लग्नाला गाणाऱ्या धवलारणीला गाडी पाठवा, चहा विचारा, परत सोडा, ही कटकटच नको.

गुणाबाईंनी आयुष्यभर धवले गाऊन लग्नं लावली होती. खुद्द शेठचंही त्यांनीच लावलं होतं, म्हणून अख्खं गाव ‘शेठ’ म्हणत असताना त्या एकट्या ‘किस्ना’ म्हणत. पण हळदीला डीजे येऊ लागला आणि गेल्या सहा वर्षांत त्यांच्या दारी कुणी आलं नव्हतं.

लॉनच्या ऑफिसात पंखा बंद केला. शेठची मुलगी चारुता फोन धरून बसली. बेलापूरची नोकरी सांभाळून वेबसाइट तीच बघायची. गुणाबाईंनी डोळे मिटले. आवाज आधी खरखरला, मग सरळ झाला.

“हलदीचे पाटावरी बसली गो...”

आणि त्या थांबल्या.

“काय झाला?” शेठ म्हणाले.

“नाव सांग. हितं नवरीचा नाव येतं.”

“घाल कुनाचा पन. कोन विचारतंय?”

“जिचा लगीन नाय तिचा नाव धवल्यात घालू? उद्या त्या पोरीला काय झाला तर तू भरशील?”

शेठ आजवर कुणालाही जामीन राहिले नव्हते. त्यांनी चारुताला फोन बंद करायची खूण केली. गुणाबाई लुगडं काखेत मारून घरी गेल्या.

अर्धं तर अर्धं, पण ते साइट उघडताक्षणी वाजलं पाहिजे, असा शेठचा हुकूम. चारुता म्हणाली, “बाबा, लोक ऑफिसात गुपचूप बघतात. आवाज आला की आधी बंद करतात.”

“आवाज कानात गेला पायजे गो! लॉन कुनाचा हाय ते कललं पायजे.”

पंधरा दिवसांत आलेला माणूस साइटवर सरासरी चार सेकंद टिकला. विचारपूस एकही नाही. सोळाव्या दिवशी चारुताने बापाला न विचारता ते आपोआप वाजणं काढून टाकलं. मांडवाच्या फोटोखाली एक लहान बटण ठेवलं: ‘ऐका, वीस सेकंद’. ज्याला हवं तो दाबेल.

लोक दाबू लागले. आणि फोन यायला लागले, पण तक्रारीचे.

“गाणं मधेच तुटतंय हो. साइट बिघडलीय तुमची.”

शेठनी पाच जणांची माफी मागितली आणि पाचही वेळा मुलीला ऐकवलं, की एवढी शिकून येक गाना नीट लावता येत नाय. सहावा फोन चारुताने उचलला. कामोठ्याची कुणी बाई होती. तीच तक्रार.

“बिघडलेली नाही, काकू,” चारुता म्हणाली. “पुढे नवरीचं नाव लागतं. तुमच्या मुलीचं काय?”

पलीकडून बाई अगदी हळू म्हणाली, “मनस्वी.” आणि लगेच, “ती गाणारी... खरंच येते?”

दिवाळीपर्यंत अकरा लग्नं ठरली. अकराही घरांची अट एकच: स्पीकर नको, बाई हवी. मग गुणाबाईंनी आपली अट घातली. प्रत्येक लग्नाला मेहनताना आणि वर एक लुगडं, तेही शेठने स्वतः दुकानात जाऊन आणलेलं, दुकानाची चिठ्ठी लावलेलं. वास्तुशांतीचं कापड त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. दोन तारखा एकावर एक आल्या, तेव्हा त्यांनी सून निशाला शिकवायला घेतलं. याआधी ती म्हणायची, कोन ऐकतंय आता ते.

तारखांची यादी घेऊन चारुता त्यांच्या घरी गेली, तेव्हा ओटीवर निशा गात होती. हलदीचे पाटावरी बसली गो गवराय... आणि ती थांबली नाही. सरळ पुढच्या ओळीत गेली.

चारुता पायरीवरच उभी राहिली. “ही गवराय कोण, वहिनी?”

“गौर. गनपतीतली,” निशा म्हणाली. “शिकताना नवरी कुठून आनायची? मंग गौरीचा नाव घालतान. जुनीच रीत हाय.”

चारुताने गुणाबाईंकडे पाहिलं. त्या सुपातले तांदूळ निवडत होत्या. मान वर केली नाही.

“म्हणजे त्या दिवशी तुम्हालाही घालता आलं असतं.”

“आला असता. पन किस्नानी फोनमदी पुरा भरून नेला असता, तर मना कोन बोलवला असता गो?” एक खडा त्यांनी अंगणात भिरकावला. “सांगशील बापाला?”

चारुताने पर्समधून पेन काढलं आणि यादीत अकराव्या तारखेखाली बारावी लिहिली. आजवर ती आपलं ठरलेलं लग्न रजिस्टरच करीन म्हणून अडून बसली होती.

“या दिवशी पुरा गा, आजी. नाव माझं घाला. लुगडं बाबाच आणतील.”

एका फुकटच्या लुगड्यात सुटू पाहणाऱ्या शेठना त्या हंगामात बारा कोरी लुगडी मोजावी लागली. गुणाबाईंना मोजावं लागलं ते अर्धं कडवं, आणि उरलेलं अर्धं अजून त्यांच्यापाशीच होतं.