निरोप दिला

"फोन आला न्हाई गं पोरी, म्हंजे सुटलो मी!" लालासाहेबांनी पेढ्यांचा पुडा काउंटरवर ठेवला आणि त्याची दोरीही स्वतःच सोडली. दीपमालाने हसून एक पेढा उचलला, तोंडात टाकला आणि मग तिला आठवलं.

उंब्रजच्या त्या दवाखान्याचा नियम साधा होता. भिंतीवरच्या फळ्यावर, गुरुवारच्या मोफत शुगर तपासणीच्या सूचनेखाली, तो दीपमालानेच ठसठशीत अक्षरात लिहिला होता. रिपोर्ट चांगला असेल तर फोन येणार नाही. काही असेल तर त्याच दिवशी येईल. लालासाहेबांच्या गालाच्या आतली जखम महिनाभर बरी होत नव्हती, म्हणून तिचा बारीक तुकडा सांगलीला तपासायला गेला होता. रिपोर्ट येऊन आज सोळा दिवस झाले होते आणि तो चांगला नव्हता.

"ह्यांना आजच्या आज बोलावून घे," असं डॉक्टरांनी तिला तेव्हाच सांगितलं होतं. "हो सर," ती म्हणाली होती. तेवढ्यात तिच्या बहिणीचा फोन आला. लग्नाच्या साड्यांचे फोटो येऊ लागले. अंजिरी घ्यायची की मोरपंखी, यावर दोघींचा अर्धा तास खल झाला आणि लालासाहेब राहिले ते राहिलेच. नऊ वर्षांत तिच्याकडून काही राहिलं नव्हतं, म्हणून डॉक्टरांनीही पुन्हा विचारलं नाही.

लालासाहेब बाकावर जाऊन बसले आणि शेजारच्या बाईला पेढा देऊ लागले. दीपमालाने रजिस्टर पुढे ओढलं. सोळा दिवसांपूर्वीचा फोनचा रकाना कोरा होता. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि त्यात लिहिलं, "फोन केला. निरोप दिला." कुणाला दिला, ते लिहायचा धीर तिला झाला नाही. नोकरी जाईल, एवढंच तिच्या डोक्यात होतं. माणूस इतका हलकट होऊ शकतो, आणि तेही इतक्या वळणदार अक्षरात, हे तिला त्या घटकेला जाणवलंसुद्धा नाही.

डॉक्टरांनाही पेढा द्यायचा म्हणून थांबलेल्या लालासाहेबांचा नंबर आला. त्यांची सून पूजा बाकावरून उठून त्यांच्याबरोबर आत गेली. दीपमाला फाईल आणि रजिस्टर घेऊन मागोमाग गेली आणि दोन्ही डॉक्टरांपुढे ठेवून दाराशी उभी राहिली.

डॉक्टरांनी रिपोर्ट समजावून सांगितला. कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला. लालासाहेबांनी आयुष्याची वीस वर्षं फौजेत काढली होती. ते खुर्चीत ताठ बसून राहिले.

"उद्याच्या उद्या सांगलीला जा. ऑपरेशन केलं तर बरे व्हाल, पण आता दिवस घालवू नका," डॉक्टर म्हणाले. मग रजिस्टरमधली नोंद पाहून त्यांचा आवाज चढला. "सोळा दिवस होता कुठं तुम्ही? घरी निरोप दिला होता ना!"

"कुणाकडं?" लालासाहेबांनी विचारलं.

घरात होतं कोण? मुलगा सरहद्दीवर. लालासाहेबांना फोनवरचं नीट ऐकू येत नसे, म्हणून मोबाईल कायम पूजाजवळ. दीपमालाला हे आत्ता उमगलं. आपलं खोटं कुणाच्या माथी बसणार, याचा तिने विचारच केला नव्हता. आता ही मुलगी म्हणेल, फोन आलाच नाही. म्हणू दे. म्हणावंच तिने.

पूजाने मान वर करून दीपमालाकडे पाहिलं. चांगलं डोळ्याला डोळा भिडवून पाहिलं.

"माझ्याकडं दिला हुता," ती म्हणाली. "इसरले मी, मामा."

"इसरलीस?" लालासाहेबांचा आवाज फाटला. "माझ्या जिवाचा निरोप इसरलीस?" मग डॉक्टरांपुढे त्यांनी हात जोडले. "सायेब, तुमची काय चूक न्हाई. चूक आमच्या घरची. तुमी सांगाल तिथं जातो."

सांगलीच्या डॉक्टरांसाठी दिलेली चिठ्ठी घ्यायला पूजा एकटीच काउंटरशी थांबली. लालासाहेब बाहेर प्रवासी भरणाऱ्या वडापच्या जीपमध्ये जाऊन बसले होते, तिच्याकडे पाठ करून. दीपमालाला रडू आवरेना. तिने पूजाचा हात धरला.

"मी फोन केलाच नव्हता गं. मघाशी खोटं लिहिलं. तू का कबूल केलंस? थांब, मी डॉक्टरांना सांगते, तुझ्या मामांनाही सांगते. गेली नोकरी तर जाऊ दे."

"गप ऱ्हावा, ताई." पूजाने हात सोडवून घेतला. "सासूबाई आजारी हुत्या, तवा एका दवाखान्यात चूक झाली आन् त्या गेल्या. तवापासनं मामा कुठल्या दवाखान्याची पायरी चढत न्हाईत. ह्या एका डॉक्टरांवर त्यांचा भरोसा हाय. हितंबी चूक झाली म्हणून कळलं, तर मामा उद्या सांगलीला येत न्हाईत. घरात बसून मरतील."

"पण ते तुला जन्मभर बोल लावतील. मला झोप लागायची नाही गं."

"मग नगा झोपू," पूजा चिठ्ठीची घडी घालत म्हणाली. "तुमाला झोप यावी म्हणून मामांनी मरायचं काय?"