बसनं नको

“बसनं नाही जायचं,” आई आणि बाबा एकदमच म्हणाले.

मुलीच्या हातातलं माहितीपत्रक हातातच राहिलं. दोघांच्या लग्नाला पस्तीस वर्षं होत होती, म्हणून त्यांना युरोपच्या सहलीला पाठवायचं तिनं ठरवलं होतं. दहा दिवस, चाळीस माणसं, एक बस, एक गाइड. सामान उचलायला नको, जेवण शोधायला नको. नकाराचं तिला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दोघांचं एकमत झाल्याचं.

कारण या घरात दोघं एकमेकांशी बोलायचे ते तिच्यामार्फत. “बाबांना सांग, गॅस संपत आलाय.” “आईला विचार, माझा चष्मा कुठे दिसला का.” तेही एकाच खोलीत बसून. भांडण असं कधी झालं नाही. भांड्याला भांडं लागायला ती जवळ तरी असावी लागतात. आई इस्पितळात नर्स होती; सुट्टीच्या दिवसाची ड्यूटी ती मागून घ्यायची. बाबा भूमापनाच्या कचेरीत नकाशे काढायचे आणि घरी आल्यावरही टेबलाशी मान खाली घालून बसायचे. लग्न होऊन मुलगी चार गल्ल्या पलीकडे गेली, तेव्हा तिला एकच काळजी होती, आता यांचे निरोप कोण पोचवणार.

“शिट्टी वाजली की चढा, शिट्टी वाजली की उतरा. शाळेची सहल आहे का?” बाबा म्हणाले.

“आमचं आम्ही जाऊ,” आई म्हणाली.

‘आम्ही’ हा शब्द मुलीनं घरी जाईपर्यंत मनात घोळवला.

मग जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला, तो दीड महिना उचललाच नाही. ताटं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गेली. मुलगी संध्याकाळी डोकावायची तेव्हा दोन पांढरी डोकी त्या नकाशावर वाकलेली असायची. बाबा दोरा धरून अंतरं मोजायचे. आई कागदाच्या पट्ट्यांवर गाडीच्या वेळा लिहायची, औषधाच्या बाटलीवर लिहावं तशा नीट.

“या स्टेशनात लिफ्ट आहे,” बाबा एकदा थेट आईला म्हणाले. “गुडघ्याला त्रास नको. पायऱ्यांच्या वाटेला जाऊ नकोस.”

आईनं त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्यांच्या दहा पुड्या बांधल्या. प्रत्येकीवर तारीख लिहिली. “जेवणानंतर घ्यायची, आधी नाही. तिकडे विसराल,” असं म्हणाली आणि चक्क हसली.

मुलीला भरून आलं. त्या दिवशी तिनं नवऱ्याला सांगितलं, “दगडाला पाझर फुटला रे. तेही या वयात.” आपण बसचा हट्ट धरला नाही हे किती बरं झालं, असं तिला वाटत राहिलं.

व्हिसाच्या अर्जाला सगळी बुकिंगं छापून जोडायची होती. ते काम तिनं आपण होऊन अंगावर घेतलं. रविवारी दुपारी ती आईकडे प्रिंटर घेऊन बसली. जायचं विमान एकच होतं. पुढचा कागद हॉटेलचा निघाला, एका माणसाच्या खोलीचा. त्याच्या पुढचाही एकाच माणसाच्या खोलीचा, पण गाव वेगळं. मग रेल्वेची तिकिटं आली. तिनं ती तारखांप्रमाणे लावली, पुन्हा लावली. शेवटी टेबलावर दोन गठ्ठे झाले.

“आई, काहीतरी घोळ झालाय,” ती म्हणाली. “विमानतळावरून बाबा उत्तरेला चाललेत, समुद्राकडे. आणि तू दक्षिणेला, डोंगरात. एकदम परतीच्या विमानातच भेटताय.”

आई धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. “घोळ नाही. दोनदा तपासलंय त्यांनी.”

बाबा आतल्या खोलीच्या दारात आले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. “दोघांच्या फायली वेगळ्या लाव,” ते हळू आवाजात म्हणाले. “काउंटरवर गोंधळ नको.” आणि तसेच मागं वळले.

मुलीनं ते दोन गठ्ठे दोन फायलींत लावले. दीड महिना आपण जे बघत होतो ते काय होतं, हे तिला आत्ता कळत होतं. ते दोघं इतक्या आनंदात तिला कधीच दिसले नव्हते.

“बाबा तुला काही बोलले का? कधी काही केलं का?”

“छे. माणूस सोन्यासारखा आहे,” आई म्हणाली. “मीही काही वाईट नाही. नाही जमलं, एवढंच.”

मुलीनं विचारलं, “मग परत आल्यावर काय? वेगळे राहणार आहात का?”

आईनं बाबांचा सदरा घडी करून त्यांच्या कपड्यांवर ठेवला.

“वेडी आहेस का? आम्ही दहाच दिवस मागितलेत, बाळा. जन्म कुठे मागितलाय?”