दोन चुका

इंग्रजीचा गृहपाठ मीच करून देते, पण दोन चुका मुद्दाम ठेवते. म्हणजे शाळेतल्या सरांना तो मुलाचाच वाटतो, आईबाप खूश, माझी शिकवणीही चालू. यावेळी एक मुलगी हटूनच बसली. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांची दाढी ती करते. त्यावरचा निबंध तिला स्वतः लिहायचा होता. आठवडाभर खोडत, चिडत तिने लिहिला. मी वाचला. बोट ठेवायला जागा नव्हती. हनुवटीपाशी वाक्यही जपून चालत होतं. वह्या तपासून आल्या. माझ्या निबंधांना शाबासकी, तिच्या निबंधावर लाल फुली आणि सरांचा शेरा: “कुणाकडून लिहून घेतलास?” मी तिला विचारलं, “स्वतः लिहिलाय म्हणून तू सांगितलं नाहीस?” “सांगितलं. सर हसले.” मी भांडायला जाणार तरी कोणत्या तोंडाने? तिने पेन्सिल पुढे केली. “पुन्हा लिहून आणायला सांगितलंय. बाई, तुमच्या त्या दोन चुका यातही घाला.” मी आजोबांच्या हनुवटीपाशी पहिली चूक केली.