सोळा सेंटिमीटर

पट्टी त्याच्या अंगठ्याला घासून गेली आणि फरशीवर आपटली.

"पुन्हा," ड्रायव्हर म्हणाला.

लेकीने पट्टी उचलली, वरच्या टोकाला धरली आणि काही न बोलता सोडली. पुन्हा फरशीवर. तिसऱ्यांदाही तेच.

ब्याऐंशी दिवसांच्या वहीत असा प्रकार एकदाही नव्हता. गेल्या वर्षी त्याच्या मेंदूत छोटीशी गुठळी झाली. महिनाभर उजवा हात रुसून बसला आणि बस चालवणं बंद झालं. हात ताळ्यावर आला तसं त्याने स्वतःवरच संशोधन सुरू केलं. पद्धत साधी होती. समोरच्याने तीस सेंटिमीटरची पट्टी उभी धरायची, न सांगता सोडायची आणि आपण ती चिमटीत पकडायची. जितकी कमी घसरेल तितका माणूस चपळ. रोज सकाळी सात वाजता, त्याच खुर्चीत, दहा वेळा. आकडा वाईट आला तरी खोडायचा नाही, असा त्याचा दंडक.

पट्टी सोडायचं काम बायकोचं. अंगात ताप असतानाही ती उठून बसली होती. शेजारचे काका एकदा हौसेने पुढे आले, तर तिने त्यांना पट्टीला हातही लावू दिला नाही. सरासरी सोळा सेंटिमीटर आली. तरण्याताठ्या पोरांना लाजवील असा आकडा. डॉक्टरांचा कागद होताच, पण वही बघून शाळेचे व्यवस्थापक एकदम खूश झाले. उद्यापासून शाळेची बस त्याच्याकडे होती. चाळीस मुलं.

आणि आज लेक आली होती. सहज, म्हणे. ती औषधांच्या कारखान्यात तपासणीचं काम करायची. तिने वही शेवटापासून पहिल्या पानापर्यंत उलटी चाळली आणि एवढंच विचारलं, "बाबा, पट्टी सोडतं कोण?"

"तुझी आई. आणखी कोण?"

"मग आज मी सोडते."

तीन वेळा आपटल्यावर त्याचा पारा चढला. "तुला धरताच येत नाही नीट. अगं ए, इकडे ये जरा!"

बायको हात पुसत बाहेर आली. त्याच्यासमोर बसली, पट्टी डोळ्यांसमोर उभी धरली आणि सोडली. त्याने ती खाडकन पकडली. पंधरा.

"बघ!" तो लेकीला म्हणाला. "आता बोल!"

लेक हसली नाही. तिने टेबलावरचं वर्तमानपत्र उचललं आणि आईच्या तोंडासमोर आडवं धरलं. त्याला आता फक्त हात आणि पट्टी दिसत होती.

"हे काय नाटक?"

"आमच्याकडे नवी गोळी तपासताना खरी कुठली आणि नुसती साखरेची कुठली, हे देणाऱ्यालासुद्धा सांगत नाहीत. माणूस तोंडाने गप्प बसतो हो बाबा, पण चेहरा बोलून जातो. सोड, आई."

पट्टी फरशीवर आपटली.

"थांबायचं नाही," तो म्हणाला. "दहा म्हणजे दहा."

दुसरी गेली. तिसरी गेली. चौथ्या वेळी त्याने श्वास रोखला, डोळे पट्टीवर खिळवले, तरी बोटं मिटली तेव्हा मधे काहीच नव्हतं. सहाव्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला. आठव्या वेळी पट्टी अगदी टोकाला सापडली. एकोणतीस. उरलेल्या दोन्ही पडल्या.

त्याला लाज वाटली. मग बसच्या पुढे अचानक धावत आलेलं एखादं पोर डोळ्यांसमोर आलं आणि लाजेपेक्षा भीती मोठी झाली. त्याने वही ओढली आणि दहाही वेळा काय झालं ते एकाखाली एक लिहिलं. मग फोन उचलला.

"साहेब, उद्या दुसरा माणूस बघा. नाही, तब्येत ठणठणीत आहे. मोजण्यात चूक होती. किल्ली आणून देतो."

फोन ठेवल्यावर मात्र त्याला राहवलं नाही. "झालं समाधान? म्हणे सहज आले! बापाचं जरा बरं चाललेलं बघवत नाही तुला."

लेकीने मान खाली घातली.

"तिला बोलू नका," बायको म्हणाली. "मीच बोलावलं तिला. काल तुम्ही किल्ली घेऊन आलात आणि माझं धाबं दणाणलं. तुम्हाला सांगायला तोंड उघडेना."

"काय सांगायला?"

"सगळ्यात आधी आपण सरावाला म्हणून दहा वेळा केलं होतं, आठवतं? एकदाही सापडली नव्हती तुम्हाला. सरावाचं म्हणून तुम्ही ते वहीत धरलंच नाही. त्या दिवशी तुम्ही जेवला नाहीत, कुणाशी बोलला नाहीत. मला बघवेना हो." तिने डोळे पुसले. "दुसऱ्या दिवसापासून मी आधी पापण्या मिटायचे आणि मग पट्टी सोडायचे."