येसाजीचं वायफाय

शेजारच्या येसाजीने आमच्या हद्दीतला फणस तोडला, तेव्हापासून आमच्या घरातल्या कुणीही त्याच्याशी बोलायचं नाही, असा मी ठराव केला. माझ्या बायकोने, उज्वलाने, त्याला अनुमोदन दिलं.

परवा पुण्याच्या नातीचं भाषण नेटवर दिसणार होतं, म्हणून पोलादपूरच्या बाजारातून वायफायचं डोंगल आणलं आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरला मागून खोचलं. त्याला अख्ख्या वाडीत एकच वायफाय सापडलं, येसाजीचं! नातीपुढे फणसाचं काय एवढं? मान खाली घालून कुंपणाशी गेलो आणि पासवर्ड मागितला.

येसाजी म्हणाला, "मला कुठं पाठ हाय, दादा?



वहिनींना विचारा. त्यांनीच ठेवलाय."