पाच नंबरचा बेड

पडद्यापलीकडून पुन्हा थपथप सुरू झाली आणि सोपानरावांच्या कपाळावर आठी चढली.

तोंडात नळी, श्वास व्हेंटिलेटरचा. न्यूमोनियानं त्यांना चाकणच्या या दवाखान्यात नऊ दिवस आडवं पाडलं होतं. बोलता येईना, म्हणून छातीची फिजिओथेरपी देणाऱ्या दिपालीनं हाताशी पाटी दिली होती.

पाटीवर: पलीकडं कोण?

"तुमच्याच गावचे. हिंदुराव."

चुलतभाऊ! बांधावरून सात वर्षं बोलणं बंद. त्यानं आधी गोडाऊन बांधलं, आधी गाडी घेतली. आता इथंही शेजारी.

पडद्याआडून खाकरणं आलं. गावच्या सभेत खाकरतो, तसंच.

दिपालीनं सोपानरावांना कुशीवर वळवलं, तळव्याची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारल्या, सुटलेला कफ नळीतून ओढून घेतला. "काका, आता स्वतःचा श्वास. मशीनच्या जिवावर किती दिवस?"

सोपानरावांनी मान हलवली. नको.

"हिंदुराव तर तासभर स्वतःच घेतायत."

तिचे दोन्ही हात त्यांच्या पाठीवर होते, तरी पलीकडची थपथप चालूच होती.

पाटीवर: त्याला दोन माणसं? मला एक?

"ते नेट लावतात ना, काका."

भेटीच्या वेळेत बायकोनं, सोजराबाईंनी, मीठच चोळलं. "भावजी तुमच्याआधी घरी जात्यात बघा. तुमी ऱ्हावा पडून!"

 त्या दिवशी सोपानरावांनी अर्धा तास स्वतः श्वास ओढला. दुसऱ्या दिवशी दोन तास. घाम फुटला, बरगड्या ठणकल्या. पण पलीकडं थाप पडली, की इकडं छाती फुगायची.

पाटीवर: त्याचं किती झालं?

"तीन तास."

पाटीवर: मला चार.

बाराव्या दिवशी नळी निघाली. घसा सोलवटला होता, तरी पहिले शब्द आले ते असे:

"पडदा सार. बघू दे त्याला. मी आधी सुटलो."

दिपालीनं सोजराबाईंकडं पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला.

"व्हय, सार बाई आता."

पडदा सरकला. पाच नंबरचा बेड रिकामाच होता. त्याच्या कडेला स्टुलावर धडधाकट हिंदुराव बसले होते. मांडीवर दवाखान्याची उशी, आणि आपटून आपटून तळवा लालभडक झालेला.