व्हॉल्व्हवरची काजळी

म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याची डिझेल गाडी जरा उभी राहिली की आचके देत धडधडायची, काळा धूर ओकायची. शेवटी मेकॅनिकने व्हॉल्व्ह खोलून त्याच्या हातावर ठेवला. आत काजळीचा हा एवढा थर!

"काका, हा व्हॉल्व्ह थोडा धूर परत इंजिनात सोडतो, म्हणजे ते फार तापत नाही. पण तुमचा उघडाच अडकलाय. सारखा धूरच पोटात गेला तर जीव गुदमरणारच की त्याचा!"

साफ करून बसवला, तर गाडी अशी शहाण्यासारखी चालू लागली की टॅक्सीवाला वाटभर स्वतःशीच हसत होता.

घरी बायको खिडकीशी बसली होती. आजारपणात तिला माणसांची ओळखच उरली नव्हती, नवऱ्याचीसुद्धा. फक्त गाडीची ती धडधड ऐकली की "आले हे!" म्हणत उठायची आणि आत येणाऱ्याला हसून सामोरी जायची.

"अगं, आलो मी," तो तिच्याजवळ बसत म्हणाला.

ती जरा सरकून बसली.



"बसा हं. हे येतीलच इतक्यात, अजून गाडी वाजली नाही त्यांची."